न विचारता सांगितलेलं

माझ्या यजमानांची, शेमटोव पेराहियांची, सलोनिकाच्या यहुदी वस्तीत ओळख होती ती देणारा माणूस म्हणून. धान्याची वखार, बंदरावरची पेढी, दोन गलबतं हे सगळं होतंच. पण गरिबांचा दवाखाना त्यांनी बांधलेला, धर्मपाठशाळेचं छप्पर त्यांनी घातलेलं, आणि अनाथ मुलींची लग्नं दरवर्षी त्यांच्या खर्चानं व्हायची. त्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नव्हता. ती वेळ आली आमच्या लेकीसाठी, वीदासाठी, आणि ज्याच्याकडून हवं होतं त्याच्याकडे मागायचीच बंदी होती.

वीदाचं लग्न शरदातल्या मांडवांच्या सणानंतर झालं. जावई एलिया सार्फाती, लाल दाढीचा, हसरा. लहानपणी सिनेगॉगच्या पायरीवर पडून त्याच्या हनुवटीला खोक पडली होती, तिथं दाढी उगवत नसे. दोन महिन्यांनी गव्हाच्या खरेदीला तो ओडेसाला गेला, आणि येताना काळ्या समुद्रात जहाज फुटलं. प्रेत मिळालं नाही.

ज्या पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, त्या पाण्यात बुडालेला मेलाच असं आमचं शास्त्र मानत नाही. कुठं तरी किनाऱ्याला लागला असेल, उद्या दारात उभा राहील. तोवर त्याची बायको बांधलेली. ती विधवा नाही, तिला दुसरं लग्न नाही. वीदा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

सुटकेची वाट एकच. कुणीतरी त्याला मेलेला पाहिलेला हवा, चेहरा ओळखू येत असताना. पाहणारा परधर्माचा असला तरी चालतं. मात्र त्यानं ते आपणहून, बोलण्याच्या ओघात सांगायला हवं. विचारलं की त्या सांगण्याला मोल उरत नाही. विचारल्यावर माणसाला कळतं की समोरच्याला काय ऐकायचंय, आणि मग वाडगाभर सूपासाठी तो ते सांगूनही टाकतो.

हे आमच्या घराला नवं नव्हतं. सात वर्षांपूर्वी एका हमालाची बायको, ओरो, नवरा वादळात मचव्यावरून पाण्यात पडून नाहीसा झाला तेव्हा धक्क्यावर दिसेल त्या खलाशाला विचारत सुटली होती. एकानं सांगितलं, हो, मीच पुरला. आमच्या धर्माच्या न्यायसभेनं ते धरलं नाही. त्या सभेत आमचे धर्मगुरू, हाहाम बारुख, यांच्या शेजारी माझे यजमानही बसले होते. नंतर त्यांनी ओरोला दवाखान्यात धुण्याचं काम दिलं, खोलीचं भाडं लावून दिलं. आपण तिचं भलं केलं असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

थंडी सरता सरता दवाखान्याचे डॉक्टर घरी आले.

"एक ग्रीक खलाशी आलाय. लाम्ब्रो नावाचा. पाय गारठून काळे पडलेत. त्याच्या कागदावर जहाजाचं नाव आहे, सिन्योर. तेच जहाज."

यजमान उभेच राहिले. "त्याला काही विचारलंत?"

"पाय दुखतात का, एवढंच."

"तेवढ्यावरच थांबा."

हाहाम बारुखांनी मला बोलावून बजावलं, "जोया, जहाजाचं नाव नाही, जावयाचं नाव नाही. त्यानं सुरुवात केली की मग काय हवं ते विचार. पण सुरुवात त्याची."

मला वेगळं काही करायचं नव्हतं. वीदा जन्मली तेव्हाच्या नवसाप्रमाणे मी रोज दवाखान्यात सूप नेत असे; सोमवारी आणि गुरुवारी माझा उपास असे, त्या दिवशीसुद्धा. आता फक्त लाम्ब्रोच्या खाटेशी जास्त वेळ बसायचं होतं. शेजारच्या खाटेवर नाफ्ताली, न्यायसभेचा लेखनिक, पोट दुखतंय म्हणून निजला, उशीखाली कागद घेऊन.

लाम्ब्रो मोठा बोलका होता. नाफ्तालीकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, ह्याचं पोट दुखतं म्हणे! तीन वाडगे चापले सकाळपासून. माझे पाय घे म्हणावं, तुझं पोट दे."

"दुखतं खाल्ल्यावरच," नाफ्ताली भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"मग खाऊ नको ना, बाबा!"

मी हसले. मग तो बेटावरच्या बकरीविषयी बोलला, तिला म्हणे पाद्रीबुवांचा राग यायचा. भावाच्या लग्नात छप्पर कोसळलं ते सांगितलं. आईविषयी सांगताना रडला. आठ दिवस असंच. समुद्राजवळ त्याचं बोलणं आलं की माझ्या हातातला चमचा थांबायचा, आणि ते पुन्हा बकरीकडे वळायचं. दुपारी घरी गेले की वीदा जिन्यात उभी असायची. ती काही विचारत नसे. नुसती रिकामी टोपली माझ्या हातातून घ्यायची.

धुण्याची बादली घेऊन जाताना ओरो एकदा माझ्यापाशी थांबली. "ओठ दातात धरून बसा, बाई," ती हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. डॉक्टर म्हणाले, हा माणूस शनिवारचा शब्बाथ संपेपर्यंत टिकायचा नाही. खाटेजवळ मांस कुजल्याचा वास येत होता. लाम्ब्रोची जीभ जड झाली होती, तरी तो बोलत होता.

"थंडी म्हणजे काय ते तुला माहीत नाही, मावशी. त्या किनाऱ्यावर थंडी होती. दगड हाताला चिकटत होते."

नाफ्तालीचा हात उशीखाली गेला.

"दगड गोळा करत होतो आम्ही दोघं..." तो थांबला. "पाणी दे."

मी पेला तोंडाला लावला. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, डोळे मिटले. मला वाटलं, गेला. आता गेला, आणि ते दगड कशासाठी ते घेऊन गेला. रोज सकाळी खिडकी उघडायच्या आधी मी देवाला म्हणते, माझ्या जिभेला सांभाळ. त्या दिवशीही म्हटलं होतं.

"त्याच्या हनुवटीवर खूण होती का?" मी विचारलं. "लाल दाढीत?"

लाम्ब्रोनं डोळे उघडले. माझ्याकडे बघतच राहिला.

"तुझा होता का तो?" तो म्हणाला. "होती खूण. इथं. सदऱ्याखाली तुमच्या लोकांच्या त्या धर्माच्या दोऱ्या होत्या. सकाळी लाटेनं आणून टाकला, अगदी झोपल्यासारखा. आम्ही दगड रचले त्याच्यावर. कुत्री होती ना तिथं."

शेजारी नाफ्तालीनं कागद काढलाच नाही. तो उठून बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होता.

शनिवारी लाम्ब्रो गेला.

रविवारी सकाळी यजमानांनी नाफ्तालीला घरी बोलावलं. तो चटईकडे बघत म्हणाला, "बाई पाणी पाजताना काही पुटपुटल्या असतील, सिन्योर. मला ऐकू आलं नाही. दगडांचं आणि खुणेचं तेवढं ऐकलं. तसं लिहून देतो." त्याच्या दोन्ही मुलींची लग्नं आमच्याच खर्चानं झाली होती.

तो गेल्यावर यजमान माझ्यासमोर बसले. तेवीस वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"जोया, तू फक्त म्हण, तो बोलला. एवढंच. ते खरंही आहे."

"हाहामांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत."

"विचारतील हो. ओरोला विचारलं होतं. तुम्हीच विचारलं होतं."

मग त्यांनी माझा हात धरला. "मी तुला कधी काही मागितलंय? पोरीसाठी मागतोय. पाप लागलं तर मला लागू दे."

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं, आणि तसंच करायचं ठरवून धर्मपाठशाळेत, न्यायसभेपुढे गेले.

नाफ्तालीनं वाचून दाखवलं. तिन्ही हाहामांचे चेहरे उजळले. त्या सगळ्यांनी वीदाला पाळण्यात पाहिलं होतं. हाहाम बारुखांनी कलम उचललं, आणि रीत म्हणून, माझ्याकडे न बघताच, विचारलं, "जोया, त्यानं आपणहून सुरुवात केली ना?"

हो म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण ते खोटं कागदावर जाणार, आणि त्या कागदावर माझी मुलगी दुसऱ्या पुरुषाची बायको होणार, तिची मुलं होणार. आत कुठंतरी ते खोटं असलं, तर त्या मुलांच्या जन्मालाच डाग लागेल, पिढ्यान् पिढ्या. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"मी विचारलं," मी म्हणाले. "तो पाणी पीत होता. मला धीर निघाला नाही."

हाहाम बारुखांनी कलम खाली ठेवलं. म्हातारे होते ते, रडू लागले. "कदाचित सांगितलंही असतं गं त्यानं," ते म्हणाले. "एक घोट थांबली असतीस तर."

"आणि नसतं सांगितलं तर?" यजमान एकदम ओरडले. "हे छप्पर मी घातलंय! तुमच्या डोक्यावरचं हे छप्पर!"

"हो, शेमटोव," हाहाम म्हणाले. "ओरोच्या वेळीही ते होतंच."

त्यानंतर यजमानांनी माणसं पाठवली. किनाऱ्यावर दगडांची रास सापडली. पण दगडांखाली गेलेला चेहरा इतक्या दिवसांनी ओळखता येत नाही, आणि लाम्ब्रोबरोबरचा दुसरा माणूस कुठंच सापडला नाही.

पण त्याच्या आधीचं, त्याच रविवारचं सांगायचं राहिलं. आम्ही घरी आलो. वीदानं आमची तोंडं बघितली. मी तिला सगळं सांगितलं, पाण्याच्या पेल्यासकट. तिनं पायातले जोडे काढले, गळ्यापाशी झग्याला हात घातला, तो फाडला, आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली, मेल्याच्या घरी सात दिवस बसतात तशी.

"ऊठ, बाळा," मी म्हणाले.

"आई, तो मेला ना?"

"मेला."

"मग बसू दे."

"बसता येत नाही गं. सुतकात बसलीस तर लोक म्हणतील सभेनं सोडवली. उद्या कुणी मागणी घालील. हाहामांनी बजावलंय, सुतक नाही, प्रार्थना नाही, शेजारणींनी सुतकाची अंडी आणायची नाहीत."

यजमान दारात उभे होते. "वीदा, हवं ते माग पोरी," ते म्हणाले. "काहीही माग."

"सात दिवस," ती म्हणाली. "इथं, जमिनीवर."

ते वळून आत गेले. मग मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. तिनं अंग सोडून दिलं होतं, तरी जड लागली नाही. खुर्चीवर बसवून मी तिच्या पायात जोडे घातले, आणि सुईदोरा आणून झग्याचा फाटलेला गळा तिच्या अंगावरच शिवू लागले.