मारुतीचं एरंडेल

बारामतीच्या कॅनॉलवर महिपतीआबांचा वांग्यांचा आणि पेरूचा मळा होता. चोपन्न साली त्यांनी एक जुनी काळी अमेरिकन मोटार घेतली. गरज काहीच नव्हती. चुलतभावानं फटफटी घेतली होती, एवढंच.

मोटार चालवायला झुंबर होता. त्याच्या आज्यानं जन्मभर मेंढरं वळली आणि झुंबरनं महायुद्धात पलटणीच्या लॉऱ्या. इराकच्या वाळवंटात गाड्या हाकून आलेला माणूस. लष्करानं त्याला इंजिन शिकवलं होतं, मालकाची हांजी हांजी करायला तेवढं शिकवायचं राहिलं होतं.

चैत्रातल्या एका शनिवारी मोटार बावड्याला निघाली. आबांच्या लेकीला, फुलीला, बावड्याच्या तात्याबांच्या मुलासाठी मागणी आली होती, त्याची बोलणी होती. मागं जरीचा पटका बांधून आबा बसले होते आणि शेजारी त्यांची थोरली बहीण धोंडाबाई. बोलणी म्हटली की धोंडाबाईला न्यावंच लागे. तिच्या तोंडाला अख्खा मळा भ्यायचा, बैलांसकट.

कळंब येण्याआधी मैलभर झुंबरनं एकाएकी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं रं?" आबा म्हणाले.

"तेलाचा काटा शून्यावर आला. सपाट्यानं."

"काचंला टिचकी मार. चिकटला आसंल."

"मारली. न्हाय हालत."

"मग ऱ्हाऊ दे की तितंच! गाडी काय काट्यावर चालती व्हय? चल, तात्याबा वाट बघत्यात."

"आबा, तो काटा म्हंजी इंजनाची नाडी. तेल फिरंना झालं की लोखंड लोखंडाला खातं. दोन मैलांत इंजान जाम हुईल, मग तुमी पटका सोडून त्याचा दोर करा नि वढत न्या."

आबा पुढं वाकले आणि किल्ली घ्यायला हात घातला. झुंबरनं त्याआधीच ती काढून बंडीच्या खिशात टाकली.

"किल्ली दे."

"न्हाय देत."

"झुंबऱ्या, तुला कामावनं काढला!"

"काढला तर काढला. किल्ली इंजनासंगं हाय, नोकरीसंगं न्हाय."

धोंडाबाई एव्हाना खाली उतरून मागं बघत होती. "महिपा, भांडान नंतर कर. ही बया वाटभर मुतत आलीया बघ."

रस्त्यावर धुळीत काळी ओली रेघ दूरपर्यंत गेली होती. झुंबर गाडीखाली शिरला. तेलाच्या पेटीचा पत्रा चेपला होता आणि तळाचं बूच पडून गेलं होतं. चेपलेल्या जागी पांढरी चुनखडी लागली होती, अगदी ताजी.

तो तोंड काळं करून बाहेर आला. "आबा, काल मी लासुर्ण्याला गेलो व्हतो. गाडी कुणी काढली व्हती?"

आबांनी कॅनॉलकडं पाहिलं. मग आभाळाकडं.

"मळ्याच्या बांधापत्तूर गेलो व्हतो जरा," ते म्हणाले. "दगूड मधी आला."

"दगूड चालत आला व्हता का?" धोंडाबाईनं विचारलं.

बूच रस्त्यावर शोधण्यात अर्धा तास गेला, ते सापडलं नाही. झुंबरनं बाभळीची फांदी तोडून खुंटी तासली, तिला धोतराची चिंधी गुंडाळली आणि दगडानं ठोकून भोकात बसवली. भोक बुजलं, पण पेटी कोरडी होती आणि इंजिनाचं तेल इंदापूरच्या अलीकडं कुठं मिळायचं नाही.

"एरंडेल चालंल," झुंबर म्हणाला. "पलटणीत इमानं उडवणारे सांगायचे, त्यांच्या इंजनात तेच घालत्यात. पर पाच-सहा शेर लागंल."

"आज शनवार," धोंडाबाई म्हणाली. "चल माझ्यासंगं."

कळंबच्या वेशीशी मारुतीचं देऊळ होतं. जोतीराम गुरव पायरीवर तंबाखू मळत बसला होता. मारुतीपुढच्या डब्यात शनिवारचं तेल जमलं होतं. लोक करडईचं घरात खातात आणि एरंडेल देवाला वाहतात. देवाचा कोठा भक्कम असतो, अशी समजूत असावी.

"मोटारीत घालायला देवाचं त्याल?" जोतीराम ताडकन उठला. "पाप लागंल, बाई!"

"आन कुणी चुकून करडईचं वाहिलं, ते कुठं जातं?"

"ते... ते दिव्याला."

"तुझ्या मिशीला भज्यांचा वास येतोय, गुरवा. दिवा मिशीत लावतोस व्हय?"

जोतीरामनं मिशी पुसली आणि डबा स्वतः उचलून दिला. धोंडाबाईनं मारुतीला हात जोडले. "लंकंला जाताना तुला मोटार लागली न्हाय, बाबा. आमाला लागती. रागावू नगं."

गाडीपाशी परत आल्यावर झुंबरनं पटक्याच्या पदरातनं तेल गाळलं. पटका आबांचा होता आणि आबा नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हते. इंजिन चालू झालं. तिघंही त्या काट्याकडं बघत राहिले. काटा थरथरला, जरा थांबला, आणि हळूहळू अर्ध्यापर्यंत चढला.

"चढला गं बाई!" धोंडाबाई ओरडली. आबांनी डोळे पुसले, पण ते धुरामुळं असेल.

धूर पुष्कळ होता. बैलगाडीच्या चालीनं, दिवाबत्तीचा वास सोडत, मोटार दुपार कलल्यावर बावड्यात पोचली. तात्याबा दारात उभे होते. पटक्याला तेल, झुंबरच्या तोंडाला काजळी. आबा काही बनवून सांगणार, तोच धोंडाबाईनं खरं ते सगळं सांगून टाकलं, बांधावरच्या दगडासकट.

तात्याबा पोट धरून हसले. मग झुंबरला म्हणाले, "मालकाला किल्ली न देणारा डायवर मी पहिल्यांदाच बघतोय. आमच्या ट्रकवर येतोस का?"

"येईन की. सकाळीच काढलंय मला."

"कुणी काढलं?" आबा गरजले. "रागात बोललं ते काय खरं आसतं? आन दगूड माझ्यामुळंच लागला. चुकलो मी. झालं?"

पाहुण्यांच्या ओट्यावर, तेलकट पटक्यात, एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते झुंबरला दिसलं. तो उगाच बंडी झटकत राहिला.

"ऱ्हातो, आबा," तो म्हणाला. "पर मी नसताना गाडीला हात न्हाय लावायचा."

"न्हाय लावत."

लग्न वैशाखातलं ठरलं. दुसऱ्या दिवशी परतताना इंदापुरात झुंबरनं एरंडेल काढून खरं तेल भरलं, लोखंडी बूच बसवलं आणि इंजिनाला कान लावून ऐकलं. कुठं खडखड नव्हती. आबा मागच्या सीटवर एकटेच बसले होते, आणि पुढं, झुंबरच्या शेजारी, धोंडाबाई ऐसपैस बसली होती.