काचेवरची बोटं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पाठीला मोठा डबा असलेला. सध्या मुक्काम कर्जतजवळच्या कोंडाणे गावच्या समाजमंदिरात.

माझी उमेदीची वर्षे साजगावच्या एका कारखान्याच्या गेटवर गेली. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची नोंद माझ्याकडे असे. "हा कधी चुकत नाही," असे साहेब पाहुण्यांना सांगत. मग सपाट पडद्याचे नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली गेलो. तिथे लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवत. शेवटी गेटवरच्या श्रीपतने मला मागून घेतले आणि टेंपोत घालून गावी आणले.

श्रीपतची मुलगी पौर्णिमा इंजिनिअरिंगला होती. तिने माझ्यात सीईटीचा सराव पेपर घातला. ही प्रवेशपरीक्षा संगणकावर द्यावी लागते आणि गावातल्या मुलांच्या हातात फक्त मोबाइल. बारावीतली आरोही पहिल्यांदा समोर बसली, प्रश्न वाचला आणि उत्तरावर बोट ठेवले. थेट माझ्या काचेवर. मग जोरात दाबले.

"बंद पडलाय हा," ती म्हणाली.

"नाय पडला. माऊस धर गं." हा केतन, पौर्णिमाचा शाळेपासूनचा मित्र, आता कर्जतला बीएस्सी करणारा. "माझंपण असंच झालं. केमिस्ट्री येत होती, माऊस येत नव्हता. अर्धा पेपर बाण शोधण्यात गेला. ही परीक्षाच न्यायाची नाय."

"न्यायाचीच हाय," पौर्णिमा म्हणाली. "माझं आडनाव बघून कुणी मार्क कापले नाय. बाप गेटवर हाय तेपण नाय बघितलं."

"आडनाव नाय बघत. संगणक कुणाला मिळाला ते बघते की."

"बाण सापडला नाय त्याचा राग काढतोयस तू."

"काढतोयच. पण तू कुठं शिकलीस गं माऊस?"

पौर्णिमाने माझ्याकडे बघितले. मित्रांनो, ती माझ्यावरच शिकली होती. सुट्टीत वडिलांचे जेवण घेऊन गेटवर यायची, तेव्हा. तिने खुर्ची ओढली आणि आरोहीच्या हातावर हात ठेवून माऊस फिरवू लागली.

त्यानंतर दर रविवारी दोघे यायचे. पौर्णिमा गणित बघायची, केतन केमिस्ट्री. वाद मिटला नाही, पण आरोहीचे बोट काचेकडे यायचे थांबले.

परीक्षा देऊन ती घरी न जाता तडक इथे आली.

"झाला पूर्ण पेपर. एकदाच बोट वर गेलं, मग केतनदादाचा आवाज आला कानात."

"काय म्हणालो?"

"माऊस धर गं."

केतन हसला नाही. तो माझ्या मागच्या वायरी तपासू लागला. पण त्या सगळ्या जागेवर होत्या.

आरोहीला पुण्यात फार्मसीला प्रवेश मिळाला. केतन अजूनही म्हणतो की परीक्षा न्यायाची नाही, आणि म्हणूनच एकही रविवार चुकवत नाही. यंदा जितेश नावाचा मुलगा बसला, काचेवर बोट ठेवले आणि म्हणाला, "बंद पडलाय." सुट्टीला आलेल्या आरोहीने त्याचा हात मनगटाला धरून उचलला आणि माऊसवर ठेवला.

ते बघून माझा जुना पंखा जरा जोरातच फिरला.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, पावसाळ्यात झाकून ठेवा. आणि एक गोष्ट ऐका. माल पोचवून ट्रक परत गेटवर आला, की मगच माझी नोंद पूर्ण व्हायची. तुम्हीही शिकून गेलात, की परत या.