लॉरीनचा चिखल

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पुढे पाहाल असेही नाही. मी एक जुने रबरी कापड आहे. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका घराच्या परसात, तळ्याच्या काठी, चिखलाखाली माझे सगळे आयुष्य गेले. माझी एक कड तेवढी दगडांमधून वर डोकावते. तिच्यातून मी ऊन, बर्फ आणि माणसे पाहत आले आहे.

कारखान्यातल्या एका मोठ्या गुंडाळीत माझा जन्म झाला. आर्विड लुंडस्ट्रॉमने ती गुंडाळी घरी आणली. माशांसाठी तळे खणून त्याने मोठा तुकडा त्यात अंथरला. तो माझा थोरला भाऊ. मी उरलेला तुकडा, तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात उंदरांच्या संगतीत आयुष्य जाणार असे मी धरूनच चालले होते. पण त्याच्या बायकोने, लॉरीनने, मला उचलले, तळ्यालगतच्या उथळ खड्ड्यात पसरले, आणि बागेतल्या चार दातांच्या काट्याने माझ्या अंगाला भोके पाडायला सुरुवात केली.

"अगं, चांगल्या रबराची चाळण करतेस?" आर्विड म्हणाला.

"तुझ्या तळ्यानं पाणी धरून ठेवायचं. माझ्या चिखलानं थोडं धरायचं, थोडं सोडायचं. सगळंच धरून ठेवलं की मुळं कुजतात."

"मग एक दिवस नवराही सोडशील."

"बघते. आधी ती माती ओत."

मला भोसकले याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मग माझ्या अंगावर बाग उभी राहिली. बर्फ वितळला की पिवळी दलदलीची फुले यायची, मग निळे आयरिस, आणि ऑगस्टमध्ये लाल लोबेलिया. तो लाल रंग पाहून मध पिणारे इवले हमिंगबर्ड पक्षी यायचे. आर्विड सगळ्या बागेला 'लॉरीनचा चिखल' म्हणून नावे ठेवायचा, पण ऑगस्टमध्ये कॉफीचा कप घेऊन बसायचा तो तिथेच.

दोघांच्या हद्दी मात्र ठरलेल्या होत्या. शरदात आर्विड तळ्यातला पंप काढण्यात गुंतलेला असे. त्याच वेळी लॉरीन गुडघ्यांवर बसून मेपलची गळलेली पाने बोटांनी वेचत असे. लोबेलियाचा दांडा वाळतो, पण मुळाशी हिरव्या पानांची एक चपटी चकती थंडीभर जिवंत राहते. तिला उजेड आणि वारा लागतो. वर काही साचले की ती श्वास कोंडून मरते. हे लॉरीनला ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. आर्विडने कधी विचारले नाही, तिनेही कधी सांगितले नाही.

मग एका सप्टेंबरात लॉरीनला शहरातल्या दवाखान्यात नेले. आर्विड एकटा परसात येऊन उभा राहायचा. त्याला आई आठवली असणार. ती थंडीआधी गुलाबाची झुडपे आडवी करून पुरायची, वर माती आणि पेंढा घालायची. आमच्या गावात गुलाबांना अजूनही सगळे तसेच करतात. आर्विडने पेंढ्याचे गठ्ठे आणले आणि माझ्यावर ढोपरभर थर अंथरला. कडा हाताने दाबून नीट केल्या. मग तिथेच दगडावर बसून त्याने फोन लावला.

"बागेचं सगळं नीट केलंय. तू नुसती बरी होऊन ये. ऑगस्टमध्ये लाल फुलं बघायचीत ना?"

त्यावर बर्फ पडला. माझ्या अंगावर एकेक चकती कुजत गेली, आणि मला काहीही करता आले नाही.

वसंतात लॉरीन घरी आली, चाकाच्या खुर्चीतून. हा उन्हाळा मिळेल, पुढचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शेजारची इंगा बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश घेऊन आली होती. आर्विडने खुर्ची चिखलापाशी आणली आणि दाताळ्याने पेंढा ओढून काढला. आयरिसचे कोंब सुरेख वर आले होते. लोबेलियाच्या जागी काळा, बुळबुळीत लगदा होता.

लॉरीनने नजर कोंबांकडे वळवली.

"आयरिस छान आलेत, आर्विड."

"आणि लाल?"

"ती उशिरा उठतात."

तो खुशीत कॉफी आणायला आत गेला. इंगा खाली वाकली. "लॉरीन, या बाबानं पेंढ्याखाली सगळी मारून टाकलीत. मी सांगते त्याला."

"बोललीस तर बघ. माझ्यासाठी घातलंय त्यानं ते. शब्द दे मला."

इंगाने शब्द दिला.

त्यानंतर रोज सकाळी आर्विड चिखलात डोकावायचा आणि लॉरीन म्हणायची, "अजून वेळ आहे." ऑगस्टमध्ये हमिंगबर्ड आला, रिकाम्या चिखलावर जरा थरथरला आणि निघून गेला. लॉरीनने ते खिडकीतून पाहिले. मेपल लाल व्हायच्या आधी ती गेली.

आता खरे दुःख सांगते, मित्रांनो. पेंढा निघाल्यावर उघड्या चिखलावर ऊन पडले, आणि लॉरीनच्या फुलांचे जुने, धुळीइतके बारीक बी रुजले. माझ्या कडेशी नाण्याएवढ्या हिरव्या चकत्या उगवल्या आहेत. आर्विडला त्या कुठल्याशा गवताच्या वाटतात.

काल तो कुंपणापाशी इंगाला म्हणाला, "गेल्या साली पेंढा कमी पडला. गारठली बिचारी रोपं. तिची तेवढी एक गोष्ट होती, तीही मला सांभाळता आली नाही. यंदा दुप्पट घालतो."

इंगाने लॉरीनला शब्द दिला होता. "हॉटडिश गरम आहे, घेऊन जा," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, मायेने पांघरूण घालायचे असेल तर आधी विचारा. आणि चूक दिसत असेल तर, कुणाला कसाही शब्द दिलेला असो, सांगून टाका. लॉरीन न बोलून त्याला जपायला गेली, आणि तो अजून त्याच चुकीला माया समजतो आहे.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. गठ्ठे येऊन पडले आहेत आणि आर्विड हातमोजे घालतो आहे. कुणीतरी त्याला हाक मारा.