हातचं पाणी

बेबीताईंनी पुढं केलेला ग्लास सारिकानं घेतला, तोंडाशी नेला आणि फोन आल्यासारखं करून शेजारच्या स्टुलावर ठेवून दिला. फोन आलेला नव्हता. पर्समधून तिनं तो काढला, उगाच बघितला, परत आत टाकला. ग्लासाकडं मात्र तिचा हात पुन्हा गेला नाही.

समाजमंदिराच्या ओसरीत वस्तीतल्या बायका बसल्या होत्या. बोलणं चाललं होतं ते चालूच राहिलं. कुणी कुणाकडं पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही म्हणूनच सगळ्यांनी पाहिलं होतं हे सारिकाला कळलं. थोड्या वेळानं बेबीताई उठल्या, ग्लास उचलला, पाणी ओसरीखाली ओतलं आणि जागेवर येऊन बसल्या.

“मंग यंत्र कधी येईन म्हन्ता?” त्यांनी विचारलं.

मलकापूर सोडून पूर्णा नदीकडं उतरत गेलं की जमिनीखालचं पाणी खारं होत जातं. या गावच्या हापशीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि चहा नासल्यासारखा लागतो. घरटी एखाद्याची किडनी बिघडलेली. बेबीताईंचे यजमान त्यातच गेले. पुण्याची एक पंप बनवणारी कंपनी दरवर्षी समाजकार्यासाठी पैसा बाजूला काढायची, त्यातून अशा गावांना पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवायची. त्या कामाची अधिकारी सारिका. आजवर प्रत्येक गावात यंत्र बसलं ते मारुतीच्या पाराजवळ, नाहीतर सरपंचाच्या दारात. या गावात ते बौद्ध वस्तीत बसेल आणि गाव तिथं पाणी भरायला येईल, असं सारिकानं कंपनीत भांडून ठरवून घेतलं होतं. कॅनमागं थोडे पैसे घेऊन यंत्र चालवणार वस्तीतल्या बायकांचा बचतगट. बेबीताई गटाच्या अध्यक्ष. त्यांची सून पायल मलकापूरला जाऊन यंत्राचं शिक्षणही घेऊन आली होती. सारिकाला या सगळ्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, तो जरा जास्तच होता.

त्या अभिमानाच्या भरातच, ग्लास यायच्या जरा आधी, तिनं बायकांना सांगितलं होतं की मी काही पुण्याची नाही, इथलीच आहे. धामणगाव बढेच्या किसनराव पाटलांची नात. आपलेपणा वाढावा म्हणून सांगितलं. एका म्हातारीनं मान डोलावली आणि म्हणाली, हाव, ठाऊक हाये तो वाडा, आमचा बाप तिथंच राबे. त्यानंतर पाणी आलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत सारिकानं स्वतःपुढं वकिली सुरू केली. त्या हापशीच्या पाण्याचा तपासणी अहवाल तिनंच मागवला होता, तो वाचून तिचंच तोंड कडू झालं होतं. गावोगाव फिरणाऱ्यांनी आपली बाटली जवळ ठेवावी, बाहेरचं पिऊ नये, असं कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पारावरही ती हे पाणी प्यायली नसती. सगळं खरं होतं. पण हात आधी मागं आला होता आणि अहवाल नंतर आठवला होता. आजोबांच्या घरी गडीमाणसांच्या चहाच्या कपबश्या ओसरीच्या वळचणीला वेगळ्या खोचलेल्या असत. कॉलेजात सारिकानं त्यावर खणखणीत भाषण ठोकून वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं होतं. भाषण तिच्या तोंडात राहिलं आणि कपबश्या हातात राहिल्या, असं काहीतरी झालं असावं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आपण नक्की कशामुळं थांबलो हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोन करून खुलासा करावा असं तिच्या मनात आलं. पण म्हणायचं काय? ते तसं नव्हतं, असं म्हणायला गेलं की ते कसं ते आपणच बोलून दाखवायचं. तिनं फोन केला नाही.

जागा पक्की करायला ग्रामपंचायतीत बैठक बसली, तेव्हा सरपंच भागवतराव पानाचा तोबरा भरून तयारीतच आले होते. वस्तीला विरोध नाही, पण गावाची सोय पाहावी, बायाबापड्यांना लांब पडतं, अशी त्यांची गोलगोल सुरुवात झाली. सारिका उत्तराला उभी राहणार तोच मागून बेबीताई उठल्या. यंत्र पारापाशीच बसवा, आमची हरकत नाही, आमी तिथून पाणी नेत जाऊ, एवढंच बोलून त्या खाली बसल्या. भागवतरावांना तोबरा गिळायचा की थुंकायचा ते कळेना. न मागता मिळालेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसायला वेळ लागतो.

सारिकानं बेबीताईंना बाहेर लिंबाखाली गाठलं.

“बेबीताई, हे काय केलंत? पायलचं काम जाईल. तिथं यंत्र गेलं की सरपंच आपल्या पुतण्याला, त्या राजकुमारला बसवतील.”

“जाईन,” बेबीताई म्हणाल्या. “पन यंत्र चालायले गिऱ्हाईक लागते. आमच्या घरांवर ते चालत नाई, हे तुमीच सांगतलं आमाले.”

“गाव येईल ना वस्तीत. मी समजावीन गावाला.”

बेबीताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. आमच्यासाठी भांडल्या, त्याचं मले मोल हाये. तुमच्याच्यानं एक ग्लास झाला नाई. गावाच्यानं रोजची कॅन कशी होईन?”

सारिकाचा चेहरा कानापर्यंत तापला. “ते पाणी खारं होतं म्हणून...”

“हाव, खारंच हाये,” बेबीताई लगेच म्हणाल्या. “आमी तेच पेतो.”

आणि मग, समजूत काढावी तशा सुरात, त्यांनी आणखी सांगितलं की वस्तीत बसवलेलं यंत्र गिऱ्हाईकाविना बंद पडलं तर दोष वस्तीवरच येईल, आणि लेकरांना पुन्हा हापशी आहेच. पायल काय, दुसरं काही पाहील. लेकरांच्या पोटात चांगलं पाणी गेलं पाहिजे.

सारिकाला अजून अडून बसता आलं असतं. जागा ठरवायचा शेवटचा शब्द कंपनीचा, म्हणजे तिचाच होता. पण अडायचं तर कंपनीत कारण द्यावं लागलं असतं की वस्तीनं माघार का घेतली. तिनं कळवलं की ग्रामस्थांनी एकमतानं पाराची जागा निवडली. वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. वरून शाबासकी आली.

उद्घाटन झोकात झालं. पुण्याहून संचालक आले, फीत कापायला त्यांनी आग्रहानं बेबीताईंना सोबत घेतलं, आणि वस्तीनं गावासाठी दाखवलेल्या मनाच्या मोठेपणावर छान बोलले. टाळ्या वाजल्या. कंपनीचं नाव कोरलेला एकेक स्टीलचा ग्लास घरटी वाटला गेला. राजकुमार नवा शर्ट घालून नळी धरून उभा होता आणि कॅन भरून देत होता. रांगेत गाव होतं, वस्तीही होती. कुणाची कुरकुर नव्हती. बेबीताईंचं गणित तंतोतंत खरं ठरलं होतं, आणि ते खरं ठरलेलं पाहणं सारिकाच्या जिवावर आलं होतं. पायल रांगेत होती. यंत्रावरचा दाबाचा काटा कुठं असायला हवा ते तिला ठाऊक होतं. ती मान तिरपी करून तो काटा बघत होती आणि राजकुमार रांगेकडं बघत होता.

जेवणं उरकून पाहुणे गाडीत बसायला लागले तेव्हा सारिका त्यांना थांबा म्हणाली आणि एकटीच वस्तीत उतरली. तिचं ठरलेलं होतं. आज हापशीचं पाणी मागायचं आणि ग्लासभर, सगळ्यांदेखत, तळापर्यंत प्यायचं. पोट बिघडलं तर बिघडू दे. बिघडलंच तर बरं, असंही तिला वाटून गेलं.

बेबीताई दारातच होत्या. शेजारच्या दोघी-तिघी आलेल्या होत्या. त्यांनी चटई टाकली, सारिका बसली.

“बेबीताई, पाणी द्या मला,” ती म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला.

बेबीताई आत गेल्या आणि ग्लास घेऊन आल्या. सारिकानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि श्वास न घेता निम्मा रिकामा केला. मग ती थांबली. पाण्याला खारटपणा नव्हता. कसलीच चव नव्हती.

“फिल्टरचं हाये,” बेबीताई म्हणाल्या. “आत्ताच आनलं. भरलं राजकुमारनं, मी नुस्ती कॅन उचलली. ग्लासबी तुमच्याच कंपनीचा हाये, आजचा, कोनी उष्टावला नाई. बिनघोर प्या.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उपासाच्या पाहुण्याला साबुदाणा वेगळ्या भांड्यात केलाय म्हणून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं होतं. शेजारणी सारिकाकडं बघत होत्या. या वेळी कुणी नजर चुकवली नाही.

ग्लासात निम्मं पाणी उरलं होतं. सारिका ते प्यायली. खाली ठेवून द्यायची सोय आता नव्हती.