पिशवीचा मालक

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येत नाही. कागद जाळतात, खरकटं खड्ड्यात जातं आणि जे जळत नाही, कुजत नाही, ते पिशवीत बांधून, स्कूटरला अडकवून, दुसऱ्याच्या हद्दीत सोडून येतात. वाटेत भेटले की एकमेकांना हात करतात, पिशवीकडे मात्र बघत नाहीत. एवढी सभ्यता शिल्लक आहे.

चष्मेवाल्याच्या पिशवीत त्याच्या वडिलांचे डायपर असायचे. वडील बसमधले निवृत्त तिकीट-तपासनीस. आयुष्यभर फुकटे पकडले, निवृत्तीनंतर गल्लीतला कचरा पकडला. कोपऱ्यावर बेवारशी पिशवी दिसली की उघडायची, आतून नाव-पत्ता असलेलं पाकीट शोधायचं आणि पिशवी मालकाच्या दारात नेऊन म्हणायचं, "सामान विसरलात." लोक चिडले, पण पद्धत उचलली.

आता त्यांचा प्रवास खाटेपासून दारातल्या खुर्चीपर्यंत. डायपरचं बाहेर कुणाला कळता कामा नये, ही त्यांची अट. त्यात पिशवीपायी मुलाची चाललेली धावाधाव दिसत होती, म्हणून त्यांनी आपला हिशेब मांडला : पाणी कमी, तर पिशवी हलकी. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील.

"बाबा, निदान अर्धा पेला," सून म्हणायची.

"तहान नाही."

"तहान नाही, की पेल्याचीही तपासणी चालू आहे?"

"सूनबाई, तोंड आवर." घोट मात्र एकच.

त्या सकाळी चष्मेवाला निघाला. पुलावर ओळखीचे मास्तर उभे. नाल्यापाशी दोघींच्या गप्पा संपेनात. मैदानाजवळ कुत्रं मागे लागलं. दुकान उघडायला उशीर होत चाललेला. शेवटी मागच्या गल्लीच्या तोंडाशी, मान न वळवता, त्याने पिशवी सोडली आणि धूम ठोकली. जीव थाऱ्यावर नव्हताच. दोन गिऱ्हाइकांना त्याने एकमेकांचे चष्मे दिले.

दुपारी जेवायला आला, तर दारात मागच्या गल्लीतला टेम्पोवाला. हातात तीच पिशवी, आणि तिच्यावर, अधू नजरेलाही दिसावं अशा ठसठशीत अक्षरांत, चष्म्याच्या दुकानाचं नाव. घाईत हाताला लागली ती उचलली होती.

"चष्मेवाले, सामान विसरलात."

शेजारच्या काकू भांडी टाकून कुंपणाशी आल्या.

"ते... दुकानातलं आहे," चष्मेवाला पुटपुटला.

"दुकानातलं? चष्म्यावर डायपर फुकट देता?"

"अगं बाई, घरात बाळ आलं आणि आम्हाला पत्ता नाही!" काकू म्हणाल्या.

खुर्ची करकरली. "माझे आहेत," तपासनीस म्हणाले.

कुणी हसलं नाही. टेम्पोवाल्याने पिशवी पाठीमागे धरली.

"उघडून बघितलीत?" तपासनीसांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत, काका."

"बरोबर केलंत. मुलगा माझा, पण चोर म्हणून अगदीच कच्चा. सूनबाई, पाणी आण."

"अर्धा पेला?"

"भरून आण. आता कुणापासून वाचवायचंय?"

ते गटागटा प्यायले आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला, पण डोळे स्कूटरकडेच गेले. उद्याची पिशवी जड होणार. ती न्यायची कुठे?

टेम्पोवाला अजून अवघडून उभा होता.

"ठेवा ती इथेच," तपासनीस म्हणाले. "आणि तुम्ही तुमची कुठे टाकता, तेवढं सांगून जा."

टेम्पोवाल्याने काकूंच्या कुंपणाकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.