घरच्या घरी गॅसभरणी

सोडा मशीनचा छोटा सिलिंडर दुकानात भरून आणणं म्हणजे दिवसाढवळ्या लूट, असं म्हणत नवऱ्याने त्याच गॅसचा कमरेएवढा मोठा सिलिंडरच घरात आणला, तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. पण पठ्ठ्या तयारीचा निघाला. छोटा सिलिंडर आधी फ्रीजरमध्ये गार करायचा, मोठा उलटा टांगून नळी जोडायची आणि जास्त भरू नये म्हणून तिच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघायचं. वजन बरोबर आलं की स्वारी अशी खुलायची, जणू घरात बाळच जन्मलंय!

मग घरादाराला सोडा पाजणं सुरू झालं. मुलं ढेकर देऊन देऊन वैतागली. सासूबाई तर साधं पाणी चोरून पिऊ लागल्या.

एका सकाळी तिला बाल्कनीतून फुस्स फुस्स ऐकू आलं. जाऊन बघते तर काय, नवरा मशीनपुढे उकिडवा बसून फरशी पुसायच्या पाण्याचा सोडा करत होता आणि परत बादलीत ओतत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"कुणी मेलं पितच नाही!" तो खेकसला. "सिलिंडर रिकामा झाल्याशिवाय मी भरू काय, डोंबल?"