बंद केल्याची तारीख

एक्केचाळीस हजार तीनशे शहाऐंशी. सायलीनं आकडा वहीत उतरवला आणि पुन्हा मोजणी लावली. तोच आला. सौंसरजवळच्या सूतगिरणीत चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवरून मंजुरीसाठी फिरलेले एवढे अर्ज. रजा, सुटे भाग, दुरुस्ती. आज ते पुसायचे होते. आकड्याखाली तिनं नियम लिहिला: अर्ज बंद झाल्या दिवसापासून तीन वर्षं मोजायची, मगच तो पुसला जातो.

एक सोडून सगळे तेव्हाच बंद झाले होते. तो एक रामाकोन्याच्या भूपेंद्रचा, गिरणीतल्या फिटरचा. ‘पिंजण यंत्राची जाळी तुटली आहे. यंत्र थांबवायची परवानगी द्यावी.’ खाली सात स्मरणपत्रं. अकराव्या दिवशी त्याचा हात त्या यंत्रात गेला. नागपूरला नेताना सावनेरच्या अलीकडंच तो संपला.

चूक त्याचीच, असं गिरणीनं लिहून दिलं होतं. त्याची बायको दिपाली कोर्टात गेली. त्यानं आधी कळवलं होतं का, याचं उत्तर गिरणीला सोमवारी द्यायचं होतं.

“झालं का, सायली?” मॅनेजर मोरेश्वर मागं येऊन उभे राहिले.

“एक अडून राहिला, सर. बंद केल्याबिगर निघत नाही.”

“मंग कर ना बंद.”

“तुमच्याकडं मंजुरीले आहे. तुमच्याच पासवर्डनं होते.”

“एम.एस्सी. करून इतकंबी जमत नाही तुले?”

ते हसत खुर्चीवर बसले. पडद्यावरचं नाव वाचून त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला.

“काम चांगलं होतं त्याचं,” ते म्हणाले. “सोमवारी सांगून देऊ, जुनं काही राहिलंच नाही.”

सायलीचा तळहात वहीवर होता, नियमाच्या ओळीवर. तो तिनं हलवला नाही.

मोरेश्वरांनी ‘मंजूर’ दाबलं. अर्ज बंद झाला. त्याखाली त्यांचं नाव, आजची तारीख आणि वेळ उमटली: चार वाजून बारा मिनिटं.

“आता पुस सारं. मी जामसांवलीच्या मारुतीले चाललो, शनिवार हाय. प्रसाद आणतो तुह्यासाठी.”

“हो, सर.”

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती थांबली. मग तिनं पुसायची आज्ञा दिली. सहा मिनिटं लागली.

पुसलेले अर्ज: ४१,३८५. शिल्लक: १.